बिनवासाचं पाणी

३ एप्रिल, सोमवार

सकाळी पावणेदहाला नव्या जागेत सामान उतरवलं. एकूण नग अकरा. त्यातले दोन मी टेम्पोवाल्याच्या हाती दिले नाहीत, वाटभर मांडीवर धरून बसलो: बारा शिश्यांची लाकडी पेटी आणि पितळी तराजू. बायको म्हणाली, सव्वीस वर्षांपूर्वी मला लग्न करून आणलंत तेव्हाही इतकं जपलं नव्हतं. टेम्पोवाला हसला. मीही हसलो. आज कशाचा राग यावा असा दिवसच नव्हता.

साबणाच्या या कारखान्यात मी आता मुख्य वास-तपासनीस. दारावर तशी पाटी आधीच लावून ठेवलेली होती, सरळ रेषेत, चारही स्क्रू जागच्या जागी. शाळा माझी नववीत सुटली. पुढचं सगळं मी नाकाने शिकलो. एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळत होतो. एक दिवस म्हटलं, आजच्या मालात लिंबाचं तेल पडलेलं नाही. सगळे हसले. मग कोणीतरी जाऊन पाहिलं तर तेलाचा डबा झाकणसुद्धा न काढता कोपऱ्यात तसाच. त्या दिवसापासून माझा कागद सुटला तो सुटलाच.

राहायला याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीला भिंत लागून तपासणीची खोली. घरापासून कामापर्यंत चौदा पावलं. वर गच्ची, तिच्यावर काळी टाकी, तिचंच पाणी घराला आणि कामाला. बायकोने सामान लावता लावता पन्नास शिंका दिल्या. जुन्या घराची सगळी धूळ तिच्या नाकात बसून आली आहे.

४ एप्रिल, मंगळवार

तपासणीची खोली अठरा फूट बाय अकरा. पांढरं टेबल, चार पांढरे वाडगे, कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा. काम असं: रोज तयार होणाऱ्या मालातली एकेक वडी कोमट पाण्यात वीस वेळा हातावर फिरवायची, फेसाचा वास घ्यायचा आणि पट्टीवरच्या मूळ सुगंधाशी ताडून पाहायचा.

हाताखाली एकच माणूस. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताई म्हणतो, वयाने ती माझ्याहून लहान असली तरी. भावाकडे राहते. नोंदवहीतलं अक्षर छापल्यासारखं. मला पहिल्याच दिवशी मास्तर म्हणायला लागली. मी नको म्हटलं नाही. तिची परीक्षा घेतली: बारा शिश्या, चिठ्ठ्या उलट्या करून. आठ बरोबर. नाक चांगलं आहे, शिकवलेलं नाही.

खरी अडचण पाण्याची. शहराच्या पाण्यात क्लोरीन इतका की वाडग्यावर वाकलं की आधी तो नमस्कार करतो, मग कुठे मागून गुलाब डोकावतो. अशा पाण्यात वास तपासणं म्हणजे ढोल वाजत असताना घड्याळाची टिकटिक ऐकणं.

६ एप्रिल, गुरुवार

उपाय केला. टाकीत पाणी पडतं त्याच्या आधी एक पिंप बसवलं. खाली गोटे, त्यावर रेती नऊ इंच, त्यावर लाकडी कोळसा चौदा इंच, वर जाळी. पिंपातून उतरलेलं पाणी तीनदा हुंगलं. काही नाही. क्लोरीनचा मागमूस नाही. ताईने हुंगलं, तिलाही काही नाही. असं पाणी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय.

कारखान्याचा केमिस्ट गच्चीवर आला होता. तिशीतला पोरगा, कॉलेजचे दोन कागद खिशात असल्यासारखा बोलतो. मी त्याला मनात पदवीधर म्हणतो. आता तोंडावरही म्हणतो. त्याचं म्हणणं, क्लोरीन आहे म्हणून पाण्यात काही जगत नाही. तो काढलात, वर काळी टाकी, वर हे ऊन, म्हणजे डबकंच झालं की. मी त्याला पाणी हुंगायला दिलं. त्याने हुंगलं आणि म्हणाला, वास नाही हे खरं, पण वास नसणं म्हणजे स्वच्छ असणं नव्हे, मास्तर. मी म्हटलं, तुमच्या पुस्तकात नसेल.

खाली आल्यावर खोलीच्या भिंतीवर निळ्या शाईने लिहिलं: ज्याला वास नाही ते स्वच्छ. ताईने तेच नोंदवहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं.

९ एप्रिल, रविवार

आजपासून नाकाचा अभ्यास. ही माझी स्वतःची रीत, अकरा वर्षांची. पाव लिटर कोमट पाणी, सव्वादोन ग्रॅम मीठ, तराजूवर तोलून. चिमटीने नाही, चिमूट ज्याची त्याची वेगळी असते. तोटीच्या चिनीमातीच्या भांड्यातून एका नाकपुडीत ओतायचं, मान तिरकी, तोंड उघडं, म्हणजे दुसरीतून बाहेर येतं. जुन्या गावी पाणी तापवावं लागायचं आणि त्याला पातेल्याचा वास लागायचा. इथे सकाळी साडेआठला टाकीच्या नळाला थर्मामीटर लावला: सदतीस. अंगाच्या उष्णतेला जुळलेलं. सूर्याने माझ्यासाठी तापवून ठेवलेलं.

बायकोचं नाक मी माझ्या हाताने धुतलं. आधी कुरकुर: या वयात नवऱ्याने नाक धुवायचं, शेजारीण पाहील तर काय म्हणेल. धुवून झाल्यावर मात्र म्हणाली की सहा दिवसांनी श्वास आला. उद्यापासून रोज.

१२ एप्रिल, बुधवार

ताईलाही शिकवलं. ती भांडं अशी भीत भीत धरते की निम्मं पाणी बाहीत. पण चिकाटी आहे. सकाळी आल्या आल्या नाक, मग वही.

संध्याकाळी गंमत म्हणून बायकोची परीक्षा घेतली. बारापैकी नऊ! ताईपेक्षा एक जास्त, शिकवणीशिवाय. एका शिशीला ती म्हणाली, हा दवाखान्याच्या जिन्याचा वास. तो कापूर होता. मी अर्धा गुण दिला नाही. ती म्हणाली, तुमच्या हाताखाली ती बिचारी ताई कशी टिकते देवाला ठाऊक.

१५ एप्रिल, शनिवार

मॅनेजर साहेबांसमोर ताईने बारापैकी बारा सांगितल्या. अकरा दिवसांपूर्वीची आठवाली बाई ही. साहेब म्हणाले, मास्तर, तुम्ही माणसाला नाक बसवून देता. पदवीधर दारात उभा होता. नंतर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, निदान नाकात घालायचं पाणी तरी उकळून गार करून घ्या. मी म्हटलं, उकळलेल्या पाण्याला भांड्याचा वास लागतो, आणि निकाल तुमच्या डोळ्यांसमोर आहे. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

१८ एप्रिल, मंगळवार

ताई आज कामातून गेल्यासारखी. गुलाबाच्या वडीला जळकट म्हणाली. दुसरी वडी, तीही जळकट. साधा कोरा कागद दिला, तोही जळकट. मी जरा कडक बोललो: शनिवारच्या कौतुकाने डोकं हवेत गेलं, की काल झोप झाली नाही? ती म्हणाली, मास्तर, खरंच येतोय हो, कुठेतरी वायर जळतेय. मी सगळी बटणं पाहून आलो. कुठे काही नाही. तिने कपाळ दाबत वही लिहिली. अक्षर ओळीवरून खाली उतरलेलं. मी ते पान तिला पुन्हा लिहायला लावलं.

१९ एप्रिल, बुधवार

ताई आली नाही. डोकं दुखतं म्हणून भावाचा निरोप. मला वाटलं, कालचं बोलणं लागलं.

२० एप्रिल, गुरुवार

ताई इस्पितळात. ताप, उलट्या, मान वळत नाही. मेंदूच्या आवरणाला सूज, असं भाऊ सांगून गेला. कशाने ते कळलेलं नाही. बायको म्हणाली, तुम्ही बोललात ना तिला. मी म्हटलं, बोलण्याने मेंदूला सूज येत नाही.

२२ एप्रिल, शनिवार

दोघे पाहायला गेलो. तिने मला ओळखलं नाही. डोळे उघडे, पण माझ्या खांद्यावरून मागे काहीतरी पाहत होती. मधेच बोटांनी चादर पुसायला लागली, टेबल पुसतात तशी. भाऊ म्हणाला, कालपासून हेच चाललंय.

इस्पितळाचा वास डोक्यात बसला. घरी येताच मी दोनदा नाक धुतलं. बायकोचंही दोनदा.

२३ एप्रिल, रविवार

ताई दुपारी सव्वातीनला गेली.

पाच दिवस. मंगळवारी वही लिहीत होती.

२५ एप्रिल, मंगळवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

इस्पितळातून डॉक्टरांनी ताईच्या भावाला बोलावलं. तो म्हणाला एकटा जाववत नाही, म्हणून मी आणि पदवीधर सोबत गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं होतं, त्यात सूक्ष्मदर्शकाखाली अमीबा दिसला. एका पेशीचा जीव. कोमट गोड्या पाण्यात राहतो. प्यायल्याने काही होत नाही. नाकातून वर गेला तर मात्र वास घेणारी जी नस असते, तिच्यावरूनच चढत मेंदूत पोचतो. पहिली खूण बहुधा हीच, वास बदलणं.

म्हणजे माझ्याच वाटेने.

डॉक्टरांनी विचारलं, तळ्यात, विहिरीत कुठे पोहल्या होत्या का. भाऊ म्हणाला, तिला पोहताच येत नव्हतं, पाण्याला भ्यायची. मग म्हणाला, हां, नाक मात्र रोज धुवायची, मास्तरांनी शिकवलं होतं. असं म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. आधारासाठी पाहिलं. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. कोळसा चौदा इंच, तेही सांगितलं. पाणी किती डिग्री विचारलं तेव्हा मी सदतीस म्हणालो. पदवीधराने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

दारातून परत फिरून विचारलं. आज सकाळीसुद्धा आम्ही दोघांनी, मी आणि बायकोने, त्याच पाण्याने नाक धुतलंय. डॉक्टर म्हणाले, आता एक थेंबही नको. आधीच काही घेऊन ठेवावं असं औषध नाही. खूण दिसण्याआधी तपासून कळत नाही. लाखातल्या एखाद्यालाच हा आजार होतो. खूण दिसायची तर बहुधा बारा दिवसांच्या आत दिसते. डोकं, ताप, वास, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी या. मी विचारलं, लवकर आलं तर माणूस वाचतो ना. ते म्हणाले, काही जण वाचले आहेत. मी विचारलं, किती. त्यांनी आकडा सांगितला नाही.

आजपासून बारा. म्हणजे सात मे.

२६ एप्रिल, बुधवार

मॅनेजर साहेबांनी टाकी रिकामी करवली. मी हाताने पिंप कापलं. कोळशावर बुळबुळीत थर, बोटाला लागेल इतकाच. नाकाजवळ नेला. काही नाही. पावसाळी भिंतीचा नाही, शेवाळाचा नाही, कसलाच वास नाही. तीस वर्षं ज्या नाकावर जगलो त्याला या वस्तूचा पत्ताच नव्हता.

भिंतीवरची निळी अक्षरं घासली. निळा डाग राहिला.

२७ एप्रिल, गुरुवार

बायकोला सगळं समजावून सांगितलं. वाटलं होतं रडेल, शिव्या देईल. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. म्हणाली, तुम्ही काय मुद्दाम केलंत? मग म्हणाली, लाखात एक म्हणतात ना, आपला कधी लाखात नंबर लागलाय.

दर तासाला तिच्या कपाळाला हात लावतो. आणि लिंबाची साल हुंगायला देतो. संध्याकाळी ती वैतागली: मी काय साबणाची वडी आहे? पण हुंगली. म्हणाली, लिंबू आहे, लिंबाचाच वास येतो, आता जेवा.

२८ एप्रिल, शुक्रवार

दोघांनाही ताप नाही. लिंबू ठीक. दहा वेळा.

भावाने ताईची नोंदवही आणून दिली. ती घरी घेऊन गेली होती, ते पान पुन्हा लिहायला.

२९ एप्रिल, शनिवार

दुपारी दोन वाजता बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, इस्त्री चालू ठेवलीत का, जळतंय काहीतरी.

इस्त्री बंद. गॅस बंद. मला वास नाही. मी खिडकीतून बाहेर वाकलो, जिन्यात गेलो, गच्चीवर जाऊन आलो. वास नाही. मग मी पायरीवर बसलो. कारण ती म्हणते वास आहे, मी म्हणतो नाही, आणि दोघांनी तेच पाणी घेतलेलं. दोघांपैकी एकाचं नाक गेलंय. कोणाचं?

पदवीधराला हाक मारली. तो जिना धावत आला. म्हणाला, मला तर काही येत नाही मास्तर, पण माझ्या नाकाचं काय सांगू. मग त्यानेच शिश्यांची पेटी उघडली, चिठ्ठ्या उलट्या केल्या, आम्हा दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं आणि एकेक शिशी आधी तिला, मग मला. आम्ही कागदावर लिहायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाजवळ मागितलं की माझं चुकू दे. सगळं चुकू दे. पण शिशी नाकाशी आली की नाव आपोआप येत होतं. लवंग. संत्र्याची साल. चंदन. हात थांबेना.

पदवीधराने दोन्ही कागद वाचले. बराच वेळ वाचत राहिला.

माझ्या बाराही शिश्या बरोबर.

तिच्या दोन. बाकी दहांपुढे तिने एकच शब्द लिहिला होता, जळकं. कापरापुढेही.

ती म्हणाली, मी तुमच्याकडे शिकले नाही ना, म्हणून. आणि म्हणाली, डोकं थोडं जड आहे, सकाळपासूनच, तुम्ही उगाच घाबराल म्हणून बोलले नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी इस्पितळात.

३० एप्रिल, रविवार

तेच डॉक्टर. औषधं चालू केली, सगळी एकदम. म्हणाले, लवकर आणलंत. ताईपेक्षा दीड दिवस लवकर. दीड दिवस पुरतो का, विचारलं. म्हणाले, बघू.

ताप एकशे दोन. शुद्धीवर आहे. नर्सला म्हणाली, यांना जेवायला सांगा, मी सांगितलं की ऐकत नाहीत.

बायकांचा वॉर्ड, तिसरा मजला, खाट सात. मला रात्रंदिवस खुर्ची दिली आहे. फक्त तेवढं मागितलं होतं.

१ मे, सोमवार

मान वळत नाही. उजेड सोसत नाही म्हणून पडदा ओढून घेतला. अंदाजाने लिहितोय.

माझ्या नाकाला सगळं कळतंय. स्पिरिट, सलाईनची नळी, धुतलेल्या चादरीतला स्वस्त साबण, त्यात कोणतं तेल कमी आहे तेसुद्धा. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मात्र—

पदवीधर रोज येतो. डबा आणतो. कालपासून मला काका म्हणायला लागलाय. मास्तर म्हणत नाही.

माफी मागितली तिची. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. म्हणाली, पडदा नीट लावा.

२ मे, मंगळवार

सकाळी मला म्हणाली, अहो भाऊ, जरा बाहेर बसा, इथे बायका आहेत.

मी बाहेर बसलो. दहा मिनिटं. मग परत गेलो. काही म्हणाली नाही.

दुपारी झटका आला. दोनदा. हात धरू देत नव्हते— नंतर धरू दिला.

डॉक्टर म्हणतात औषध पोचतंय. पोचतंय म्हणजे काय ते सांगत नाहीत.

३ मे, बुधवार

बोलत नाही. नळी घातली आहे. छाती यंत्रावर वर-खाली. मी मोजतो. मिनिटाला सोळा.

बोटं कधी कधी दाबते. डाव्या हाताची. मी बोलत असलो की. नर्स म्हणाली ते आपोआप होतं. मी गप्प राहून पाहिलं. नाही दाबली. बोललो. दाबली. पाच वेळा करून पाहिलं. पाचापैकी चार.

म्हणून बोलत राहतो. काय वाटेल ते. लिंबाच्या तेलाचा डबा. टेम्पो. ताईची बाही. काहीही—

४ मे, गुरुवार

सकाळी दहा. वायर जळाल्यासारखं.

पडदा बाजूला केला. बटणं पाहिली. नर्सला विचारलं, तिला येत नाही. पदवीधराला विचारलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं असतं.

स्पिरिटचा बोळा नाकाशी धरला. जळकं. डब्यातलं अन्न. जळकं. माझा हात. तिचे केस—

डोकं अजून दुखत नाही. थोडंच.

डॉक्टर म्हणाले होते त्याच क्षणी सांगा. ते बारा वाजता येतात. नर्स पाच पावलांवर आहे. सांगितलं तर मला उचलतील. पुरुषांचा वॉर्ड तळमजल्यावर. विचारून ठेवलं आहे. तिथून वर येऊ देत नाहीत.

मग इथे बोलणार कोण. तिच्याशी—

बारापर्यंत. दोन तास. मग सांगतो.

साडेअकरा. अक्षर खाली उतरतंय. दिसतंय मला.

दाबली. आत्ता. मी काहीच बोललो नव्हतो तरी तिने

बारा वाजले. डॉक्टर खाट चारपाशी आहेत. सांगतो आता. सांगेन. त्यांनी विचारलं की— तोवर तिला सांगतोय की मी इथेच, खुर्ची तीच, हात हा माझा, घट्ट धर, कोणी काही म्हटलं तरी तू